वहीतल्या चुका बाई का खोडत नाहीत?

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. वहीत ‘पन’, ‘पानी’ तसंच असतं, तरी बाई बरोबरची खूण करतात. शिकवणी लावू का?

उत्तर : ताई, शिकवणी राहू द्या. तिचं जूनचं आणि मार्चचं पान शेजारी ठेवा. जूनमध्ये बहुधा ‘माझी शाळा छान आहे. माझी शाळा मोठी आहे’ असं फळ्यावरून उतरवलेलं सापडेल. मार्चमध्ये ‘आजीनं पापड वाळत घातले पन माकड आलं’ असं काही असेल, तर ते वाक्य तिचं स्वतःचं. घरी न-ण एकच उच्चारतात, तेच कागदावर उतरतं. जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीपर्यंत रेंगाळतात. पानभर लाल शाई दिसली की मुलं पुन्हा ‘छान आहे’वर येतात, मी वर्गात हे फार पाहिलंय. एका वेळी एकच चूक धरा. आधी ‘पण’. आणि माकडानं किती पापड नेले, तेही विचारा.