सीआरसी एरर आली म्हणून लगेच चेकडिस्क लावू नका

भाऊ, सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या कागदपत्रांचं फोल्डर कॉपी करताना 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' (सीआरसी, म्हणजे वाचलेला डेटा बरोबर आहे का याची तपासणी) एरर येते, मशीन अडकते, तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवू का, असं तुम्ही विचारलं. आत्ताच नका चालवू. त्याला '/आर' (खराब जागा शोधायचा पर्याय) लावलं की ते अख्खी डिस्क वाचत बसतं. डिस्क खराब होत आली असेल तर तेवढ्यातच ती जायची. आधी गरजेच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढा. अडेल ती फाइल सोडून पुढे चला.

फारच अडत असेल तर मशीन लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कवरचा डेटा काढणारा प्रोग्राम) वापरा. सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागांकडे नंतर वळतं. त्याची मॅपफाइल (कुठपर्यंत वाचलं याची नोंद) पेनड्राइव्हवर किंवा चांगल्या डिस्कवर ठेवली तर मध्येच लाइन गेली तरी पुढून सुरू करता येतं, आणि आपल्याकडे लाइन जातेच.

मग विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडा. वरच्या 'गुड'वर विसंबू नका, खालच्या यादीत ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ (अडलेले सेक्टर) आणि सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) बघा. सी७ वाढत असेल तर बहुधा सॅटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल किंवा खराब आहे, बदला. जुना आकडा कमी होत नाही, म्हणून लिहून ठेवा आणि वाढतो का पाहा. एररच्या नावात सीआरसी आहे म्हणून केबलच असेल असं धरू नका. सेक्टर वाचता आला नाही तरी विंडोज हाच संदेश देतं.

सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर. लिहिता-लिहिता लाइन गेली की सेक्टर अर्धवट राहतो आणि हा आकडा वाढू शकतो, डिस्कचा पृष्ठभाग धड असला तरी. म्हणून डेटा सुरक्षित झाल्यावर क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. नव्याने लिहिलं की सेक्टर सुधारतो, नाहीतर डिस्क त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते आणि ०५ वाढतो. सी५ शून्यावर आला, ०५ जागेवरच राहिला, तर यूपीएस लावून किरकोळ कामाला ती डिस्क वापरा. ०५ वाढत राहिला तर लोकांचे दाखले तिच्यावर ठेवूच नका.

तापमानही बघा. बहुतेक डेस्कटॉप डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. मे महिन्यात टिनाखाली बंद कॅबिनेटमध्ये ती गाठायला वेळ लागत नाही.

टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डिस्क न उघडता नागपूरला डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.