घोडा उड्या मारतोय म्हणून तो तयार आहे असं समजू नका

प्रश्न लांब होता, म्हणून मला समजला तसा आधी मांडते. सात वर्षांचा घोडा, साडेचारशे किलोच्या आसपास. थंडीत दोन-अडीच महिने जवळजवळ रिकामा. आता दिवस मोठा होतोय, घोडा खोगीर बघताच नाचतोय, आणि आठ आठवड्यांनी पंचवीस किलोमीटरची रपेट ठरलीय. काम कुठून सुरू करू, चंदी (दाणा) वाढवू का, झूल काढू का, केस कापू का?

उड्यांचं कारण साधं आहे. तबेल्यात उभा राहून साठलेली रग आहे ती. खोगीर चढवण्याआधी त्याला अर्धा-पाऊण तास आवारात मोकळा सोडा. काय नाचायचं ते तुम्ही पाठीवर नसताना नाचू दे. लांब दोरीवर गोल गोल पळवून रग जिरवण्याची पद्धत मला पटत नाही. लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो, तोही पाय सगळ्यात कच्चे असताना.

खरी गोम पायांतच आहे. घोड्याचा दमसास काही आठवड्यांत सुधारतो, स्नायू त्यामागोमाग येतात. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि हाडांना मात्र महिने लागतात. कंडरेला मुळात रक्तपुरवठाच बेताचा. त्यामुळे मधे असा एक काळ येतो की घोडा धापा टाकत नाही, पळायला मागतो, आणि पाय मागेच राहिलेले असतात. माझी एक घोडी होती. तिसऱ्या आठवड्यात इतकी झकास चालत होती की ‘एकदाच’ म्हणत मी तिला ओल्या मैदानावर सोडलं. लंगडली नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांवरून हात फिरवला, तर पुढच्या डाव्या नळीमागे (गुडघ्याखालच्या लांब हाडामागे), मधोमध, अंगठ्याएवढी जागा कोमट लागली. उजवा पाय गार. बोटानं दाबलं तसा तिनं पाय झटकन वर घेतला. केस इतके दाट होते की डोळ्यांना सूज दिसलीच नसती. त्या वर्षी ती पुन्हा कामाला लागली नाही.

तेव्हा पहिले तीन आठवडे फक्त चाल. वीस मिनिटांपासून सुरू करून हळूहळू तासावर न्या. चाल रेंगाळलेली नको, मागचे पाय पोटाखाली यायला हवेत. जमीन शक्यतो घट्ट निवडा, घसरडी टाळा. चौथ्या आठवड्यापासून दोन-दोन, तीन-तीन मिनिटांची दुडकी, मधे चाल. दौड सहाव्या आठवड्याच्या आधी नाही, आणि तीही थोडी. एका आठवड्यात अंतर आणि वेग दोन्ही वाढवू नका. आठ आठवड्यांत पंचवीस किलोमीटर चालीनं आणि दुडकीनं होतील. शर्यत करायची असेल तर रपेट पुढे ढकला, मी तरी ढकलली असती. आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पुढच्या दोन्ही नळ्यांवर एकाच वेळी एकेक हात ठेवा. फरक हाताला लगेच कळतो.

चंदी आता वाढवू नका. ऊब गवतातून येते: मोठ्या आतड्यात तंतू आंबतात, त्यातून उष्णता तयार होते. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तुमच्या घोड्याला ७ ते ९ किलो वाळलेलं गवत रोज. धूळ उडत असेल तर भिजवून द्या. काम वाढेल तशी चंदी वाढवा, आणि सुट्टीच्या दिवशी ती न विसरता कमी करा. भरपेट चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामात आखडू शकतो: पुठ्ठे दगडासारखे, घाम, पुढे पाऊल टाकायला नकार, कधी गडद तपकिरी लघवी. असं झालं तर चालवून मोकळा करायला जाऊ नका. आहे तिथे उभा करा आणि डॉक्टरांना बोलवा.

तो जाड झालाय की फक्त केसाळ दिसतोय, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी सांगू शकत नाही. बोटं बरगड्यांवर सपाट फिरवा. हलक्या दाबानं बरगड्या मोजता आल्या तर ठीक, शोधाव्या लागल्या तर जाड.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, आणि याच दिवसांत मला त्याची सगळ्यात धास्ती वाटते. घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो. पाणी बर्फगार असेल तर कमी पितो, वर खाणं सगळं कोरडं, मग लीद सुकते आणि पोटशूळ उठतो. पाणी कोमट करून द्या, दिवसाला ३० ते ५० ग्रॅम मीठ द्या, आणि किती बादल्या रिकाम्या झाल्या ते मोजा. लीद लहान, कडक, चकचकीत गोळ्यांची दिसली तर तो दिवस कामाचा नाही.

केस गळतात ते दिवसाच्या लांबीमुळे. २१-२२ डिसेंबरनंतर उजेड वाढू लागतो आणि थंडी असली तरी शरीर हिशेब सुरू करतं. आता केस कापू नका, पुढच्या काही आठवड्यांत ते आपसूक जातील. रोज दणकून खरारा करा, खाजही भागते. झुलीचा निर्णय हवामानाच्या अंदाजावर सोडू नका. खांद्यापाशी झुलीखाली हात घाला. ओलसर लागलं तर झूल जास्त झाली. कामानंतर शेवटची दहा-पंधरा मिनिटं चाल, आणि छातीचे केस मुळाशी कोरडे झाल्याशिवाय त्याला वाऱ्यात उभा करू नका.

खुरांच्या फ्रॉगमधून (तळव्याच्या मधल्या मऊ, त्रिकोणी भागातून) काळा, घाण वासाचा चिकटा येतोय का बघा. खुरांच्या वर मागच्या घडीत खपल्या असतील तर त्या ओढून काढू नका, पाय कोरडे ठेवा. नवं गवत फुटलं की लगेच मोकळं चरायला सोडू नका. कडक थंडीची रात्र आणि लख्ख उन्हाचा दिवस, असं असलं की गवतात साखर साठते, आणि जाड घोड्याचे खूर त्यातून सुजू शकतात.

शेवटचे नाल कधी मारले ते तुम्ही लिहिलं नाहीत. सहा ते आठ आठवडे उलटले असतील तर नालबंदाची वेळ आजच घ्या. थंडी ओसरली की सगळेच एकदम फोन करतात.