कोठीतली फळी कोसळली. कंत्राटदार म्हणतो, वजन तुम्हीच जास्त ठेवलंत

प्रश्न: आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. स्वयंपाकघरालगतच्या कोठीत एका इंटिरियर कंत्राटदाराकडून भिंतीवर मांडणी करून घेतली. एकूण 1 लाख 15 हजार दिले. 65 हजार बँकेतून, बाकी रोख. पक्कं बिल नाही. वर्षाचं धान्य आणि तेलाचे डबे ठेवणार, हे आधीच कळवलं होतं. त्यावर ‘मरीन प्लाय लावतो, काळजी नको’ असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. सातव्या महिन्यात फळी कोसळली आणि सासूबाईंच्या पायाचं हाड मोडलं. फळी आतून भुशाच्या बोर्डाची निघाली. दाद मागता येईल का?

उत्तर: नक्की येईल. सासूबाईंना लवकर आराम पडो. त्यांच्या उपचाराची सगळी कागदं, एक्स-रेसकट, एका फाइलीत लावून ठेवा.

सगळ्यात आधी एक सांगते: मोडलेली फळी टाकू नका. तिचे तुकडे, स्क्रू, भिंतीतून उपटलेल्या गिट्ट्या (स्क्रू धरणारे प्लग) पिशवीत बांधून ठेवा आणि भिंतीतल्या भोकांचे फोटो काढा. नवा सुतार बोलावून कोठी आवरलीत, तर पुरावाही आवरला जाईल. मरीन प्लायला, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडला, आयएस 710 हे मानक आहे आणि आयएसआय प्लायवर परवाना क्रमांकाचा शिक्का असतो. तुमच्या तुकड्यांवर तो कुठे दिसतो का, पाहा. वाद मालाच्या दर्जावर अडला, तर ग्राहक आयोग, म्हणजे जिथे तुम्ही तक्रार कराल ते न्यायपीठ, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तुकडेच नसतील, तर पाठवणार काय?

आता वजनाचा मुद्दा. तेलाचा 15 लिटरचा डबा साधारण 14 किलोचा. असे तीन-चार डबे एका फळीवर असतील, तर वजन खरोखरच बरंच होतं, आणि तो त्यावरच बोट ठेवेल. पण तुम्ही काय ठेवणार, हे त्याला माहीत होतं. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 प्रमाणे, खरेदीदाराने हेतू सांगून विक्रेत्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवला, तर माल त्या हेतूला योग्य असलाच पाहिजे. इथे मजुरीही आहे, म्हणून तक्रारीत ‘सेवेतील त्रुटी’ वेगळी मांडा. त्याचा तो ‘मरीन प्लाय लावतो’चा मेसेज म्हणजे या प्रकरणाचा कणा आहे. चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोनही बदलू नका.

बिल नाही म्हणून खचू नका. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. रोख रकमेसाठी तेव्हाची बँकेतून काढलेली रक्कम, ‘पैसे मिळाले’ असा मेसेज, समोर असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, जे असेल ते जोडा. जे सिद्ध होणार नाही, ते फुगवून मात्र लिहू नका. एका खोट्या आकड्याने खरी तक्रारही संशयात येते.

स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. मांडणीचे पैसे, उपचाराचा खर्च, मनस्तापाची भरपाई असं स्वतंत्र मागा. उत्तर आलं नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही ठाण्यात राहता, एवढं पुरेसं आहे. कंत्राटदाराचं ऑफिस कुठेही असो. दिलेली किंमत 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरूनही दाखल करता येते. मुदत 2 वर्षांची. ती फळी पडली त्या दिवसापासून धरावी असं माझं मत आहे, पण वाद नको म्हणून काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासूनच मोजा.

पोलिसांकडे जाण्याची तुमची इच्छा असेल, तर मी अडवणार नाही, पण पैसे त्या वाटेने परत येत नाहीत.

नवी मांडणी करताना प्लायचा दर्जा, जाडी, दोन आधारांमधलं अंतर आणि फळी किती किलो पेलेल, हे कोटेशनवर लिहून सही घ्या. बऱ्याच नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या) भिंती असतात, त्यांत साधी गिट्टी धरत नाही; कोणते अँकर लावणार, तेही लिहून घ्या.