पद्मिनी घ्यावी की मारुती ८००?

प्रश्न : आम्ही बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहतो. कोल्हापुरात १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आणि बेळगावात १९९७ ची मारुती ८०० पाहून ठेवली आहे. बेळगावला नेहमी जावे लागते, शिवाय जुनी गाडी जपण्याची हौसही आहे. कोणती घ्यावी?

उत्तर : नेहमीच्या फेऱ्यांसाठी मारुतीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पद्मिनीवर मनापासून जीव असूनही मी ते देतो आहे. पद्मिनी म्हणजे मुळात साठच्या दशकातील फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती फारसा बदल न होता शतक संपत येईपर्यंत बाहेर पडत राहिली. जाड पत्रा, ऐसपैस बैठक, स्टिअरिंगलगतचा गिअर आणि १,०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, हा तिचा थाट आजही मोह पाडतो. मात्र ओढ मागच्या चाकांना असल्याने पावसाळ्यात आपल्याकडच्या तांबड्या चिखलात ती मागून घसरते आणि उन्हाळ्यात चोर्ला घाटाच्या चढावर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरली, की त्या पंपावर ओले फडके टाकून थांबावे लागते. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीचे तीन सिलिंडरचे इंजिन अवघे ७९६ सीसीचे. पण त्याचे वजन ओढणाऱ्या पुढच्या चाकांवरच पडते आणि गाडीही हलकी, त्यामुळे ती चिखलातून सहसा निघते. चाके बारा इंची आहेत, तेव्हा खड्डे जपून घ्यावेत.

दोन्हींत खरी पारख इंजिनाची नव्हे, पत्र्याची करावी. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. खानापूरच्या पावसात सडलेला तळ मात्र कितीही वेल्डिंग केले तरी पूर्ववत होत नाही. पायाखालचे मॅटिंग उचलून पाहावे, दारांखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवावे. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजावे. दोन्ही गाड्या कार्ब्युरेटरच्या काळातील असल्याने इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे रबरी पाइप आधी बसवून घ्यावेत.

पद्मिनीच घेण्याचे ठरले, तर कागद आधी पाहावेत. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते. त्याची मुदत तपासावी. महाराष्ट्रातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची, तर इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत मालकाला पूर्ण रक्कम देऊ नये.