आधी बेस माल्ट ओळख
भाऊ, ब्रुअरीत लागलास, फार बरं वाटलं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव. पण जास्त भाजलेल्या, रंगीत माल्टच्या मागे इतक्यात लागू नको. कळण्याच्या भाकरीत ज्वारी जास्त, उडीद थोडा. तसंच बहुतेक बिअरमध्ये मोठा वाटा बेस माल्टचाच, म्हणजे फिकट रंगाच्या मुख्य माल्टचाच असतो. स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स त्याच्यातच. काळ्या भाजलेल्या माल्टमध्ये ती उरतच नाहीत.

पहिले दोन-तीन घाणे नुसत्या पेल माल्टचे काढ, तो फिकट बेस माल्टच. मॅश, म्हणजे भरडलेला माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, 66 अंश सेल्सिअसवर तासभर धर, मग थोडा रस बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाक. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून थांब.

दाणा रोज दाताखाली फोडून बघ, कुरकुरीत हवा. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवू नको. माझं एक असंच सादळलं, फार जीव तुटला.