राम नाईक गोविंदाकडून का हरले? ‘उत्तर मुंबईचा मतदार ग्लॅमरला भुलतो’ हे मला मान्य नाही

तुम्ही विचारलंय की सलग पाच वेळा निवडून आलेले, केंद्रात मंत्री असलेले भाजपचे राम नाईक २००४ मध्ये काँग्रेसकडून उभा राहिलेल्या अभिनेता गोविंदाकडून हरले, म्हणजे उत्तर मुंबईचा मतदार सिनेमावाल्यांना भुलतो का.

नाही, भुलत नाही. भुलत असता तर २०१९ मध्ये याच मतदारसंघात उर्मिला मातोंडकर ४,६५,२४७ मतांनी हरल्या नसत्या. त्याही अगदी घराघरात माहीत असलेल्या, शिवाय मराठी. समोर होते भाजपचे गोपाळ शेट्टी, ज्यांना बोरिवली-कांदिवलीबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. मतदारसंघाचं नाव तेच आणि बोरिवली, कांदिवली, मालाडचा मतदारही तोच. मग ते ग्लॅमर कुठे गेलं?

हा प्रश्न मला झोंबतो, कारण हेच वाक्य माझ्या आईला तिच्याच घरात ऐकवलं गेलं होतं. मे २००४ मध्ये निकाल लागला आणि त्यानंतरच्या रविवारी गिरगावचे मामा आमरसाला आले. पानावर बसल्या बसल्या म्हणाले, “काय ताई, नाचणाऱ्याला दिल्लीला पाठवलंत? तुम्हा उपनगरवाल्यांना मतदान म्हणजे काय ते कळतच नाही.” आईने वाटीत रस वाढला आणि एवढंच म्हणाली, “मी कुणाला पाठवायचं ते १९७७ पासून ठरवतेय.”

ते १९७७ सांगितल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होणार नाही. तेव्हा आम्ही गोरेगाव पूर्वेला चाळीत राहायचो. नळाला पाणी पहाटे तीनच्या सुमाराला यायचं आणि तासाभरात जायचं. रात्रीच नळासमोर हंडे, कळश्या, डालड्याचे डबे रांगेत लावून ठेवायचे आणि आपला नंबर कुणी पुढेमागे करू नये म्हणून एकीने जागायचं. आई मृणालताई गोरेंच्या मोर्च्यांना जायची ती या पाण्यासाठी. समाजवाद वगैरे नंतर कळला असेल, आधी हंडा होता. मृणालताई १९६१ पासून महापालिकेत होत्या, पुढे आमदार झाल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या घराचं कार्यालय झालं. चटईवर मतदारयादीची पानं पसरलेली, मध्ये कार्बन घालून चिठ्ठ्या उतरवायच्या. शाळेतून आलं की मलाही बसवायचे. बोटं निळी व्हायची आणि ती निळाई जेवताना भाताला लागायची. जनता पक्षाची निशाणी नांगरधारी शेतकरी नवीन होती. म्हाताऱ्या बायकांना ती ओळखता यावी म्हणून आईने जिन्याच्या पायरीवर खडूने काढून ठेवली होती, चक्राच्या आत नांगर घेतलेला माणूस. येता-जाता त्यावर पाय पडायचा नाही, अशी सक्त ताकीद.

आणि त्या चटईवर आईच्या शेजारी कोण बसायचं? समोरच्या खोलीतले काका, रोज शाखेत जाणारे, जनसंघाचे, म्हणजे भाजपच्या आधीच्या पक्षाचे पक्के. एरवी आईचं आणि त्यांचं कधी पटलं नाही. पण जनसंघ तेव्हा जनता पक्षात होता आणि काकांनी दारोदार मृणालताईंसाठी मतं मागितली. निकालानंतर चाळभर एकच घोषणा होती, “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात”. रायबरेलीत इंदिराबाई पडल्या होत्या. ती घोषणा मुंबईने ऐकली असेल, आम्ही ती जगलोय.

उत्तर मुंबईचं पुढचं राजकारण समाजवादी आणि जनसंघी या दोन प्रवाहांतून निघालं, आणि दोन्हींचं उगमस्थान गोरेगाव. मृणालताई पाण्यावर उभ्या राहिल्या, तर राम नाईक लोकलवर. त्यांनी १९६४ मध्ये गोरेगाव प्रवासी संघ काढला, १९७८ मध्ये बोरिवलीतून आमदार झाले. लोकसभेला १९८० मध्ये जनता पक्षाचे रवींद्र वर्मा आले. देशभर इंदिरा लाट असतानाही मुंबईने सहापैकी पाच जागा जनता पक्षाला दिल्या होत्या, हे आज कुणाच्या लक्षातही नसतं. १९८४ च्या लाटेत काँग्रेसचे अनुपचंद शहा निवडून आले. १९८९ पासून मात्र नाईक, १९९१, १९९६, १९९८, १९९९ धरून सलग पाच वेळा. बोरिवली-विरारच्या वाढीव मार्गांसाठी आणि विरारपुढे डहाणूपर्यंतच्या लोकांसाठी त्यांनी जो पाठपुरावा केला, तो गाडीला लटकून प्रवास केलेला माणूसच समजू शकतो.

माझी आई नाईकांबद्दल नेहमी एकच म्हणायची, “माणूस कामाचा आहे, पण पक्ष माझा नाही.” एकोणनव्वदपासून तिने एकदाही कमळाला मत दिलं नाही. आधी जनता दलाच्या चक्राला, मग काँग्रेसच्या पंजाला. २००४ मध्ये पंजावर गोविंदा होता म्हणून ते गोविंदाला गेलं. दुसरा कुणी असता तरी तिथेच गेलं असतं. अशी मतं या मतदारसंघात प्रत्येक निवडणुकीत लाखांनी होती, फक्त नाईक जिंकत होते म्हणून दिसत नव्हती. हे मामांना मी त्याच दिवशी सांगितलं, पुढेही सांगत राहिले. ते शेवटपर्यंत “गोविंदा, गोविंदा” करत बसले.

आता २००४ चा हिशेब बघा. गोविंदाला ५,५९,७६३ मतं, नाईकांना ५,११,४९२. फरक ४८,२७१. पाच लाखांवर लोक नाईकांसोबत उभे राहिले, त्याला मतदार भुलला म्हणायचं? १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढले होते, २००४ मध्ये एकत्र. हे एकच कारण एवढ्या फरकाला पुरेसं वजनदार आहे. शिवाय त्या वर्षी मुंबईत शिवसेना-भाजप युतीला सहापैकी एकच जागा मिळाली, मोहन रावलेंची. लोकसभेचे अध्यक्ष असलेले मनोहर जोशी हरले, ते एकनाथ गायकवाडांकडून. किरीट सोमय्या गुरुदास कामतांकडून हरले. हे जिंकलेले दोघे काय नाचत होते? आणि मामांचं गिरगाव ज्या दक्षिण मुंबईत येतं, तिथे जयवंतीबेन मेहता, त्याही केंद्रात मंत्री, नवख्या मिलिंद देवरांकडून हरल्या. त्याबद्दल मामांनी चकार शब्द काढला नाही. उपनगरात हरलं की मतदार अडाणी, दक्षिण मुंबईत हरलं की लोकशाही, ही तऱ्हा मी लहानपणापासून बघतेय आणि मला तिचा संताप येतो.

सिनेमावाल्यांचंच बोलायचं तर ते इथे २००४ ला पहिल्यांदा आले नाहीत. १९६२ मध्ये नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या प्रचाराला फिरले होते. समोर आचार्य कृपलानी आणि त्यांच्यामागे बहुतेक सगळा विरोधी पक्ष, तरी मेनन मोठ्या फरकाने जिंकले. पण चीनच्या युद्धात त्यांचं मंत्रिपद गेलं, १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारून स. गो. बर्वेंना उभं केलं आणि ईशान्य मुंबईत अपक्ष मेनन हरले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या बहीण ताराबाई सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले. तोच माणूस, तीच कीर्ती, पाच वर्षांत चित्र उलटं. शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं, हेही त्यातलं मोठं कारण.

२००९ चं तर कुणी बोलतच नाही, कारण त्यात गोष्ट रंगवता येत नाही. गोविंदा पुन्हा उभाच राहिला नाही. पाच वर्षांत तो मतदारसंघात दिसला नाही ही तक्रार सगळीकडे होती आणि ती माझीही होती. काँग्रेसकडून संजय निरुपम उभे राहिले, नाईक पुन्हा हरले, अवघ्या ५,७७९ मतांनी. मनसेच्या शिरीष पारकरांनी त्या वेळी जवळपास दीड लाख मतं घेतली. निरुपमांकडे कसलं ग्लॅमर होतं? पुढे २०१४ मध्ये तेच निरुपम शेट्टींकडून ४,४६,५८२ मतांनी हरले, आणि २०२४ मध्ये भाजपचे पीयूष गोयल ३,५७,६०८ मतांनी आले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती आता सांगते. २००४ चा मतदारसंघ आणि आजचा एक नाही. तेव्हा तो वसई-विरारकडे पसरलेला होता. २००८ च्या पुनर्रचनेत वसई पालघरकडे गेली, गोरेगाव वायव्य मुंबईत गेलं आणि इथे बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप, मालाड पश्चिम एवढंच उरलं. गोविंदा विरारचा, तिथेच वाढलेला, त्यामुळे त्या पट्ट्यात त्याला आपला मुलगा म्हणून मतं पडली असणार, हे मी मान्य करते. त्याला बघायला गर्दी व्हायची तेही खरं, आमच्या गल्लीतल्या मुली गच्चीवर चढल्या होत्या. त्यातल्या निम्म्यांचं मतदानाचं वयही झालेलं नव्हतं.

तुम्ही अभ्यास म्हणून विचारत असाल तर चेहरे सोडा आणि प्रत्येक निवडणुकीत विरोधातली मतं किती ठिकाणी फुटली ते आधी बघा. १९९९, २००४ आणि २००९ शेजारी शेजारी ठेवा. आणि हा प्रश्न तुम्हाला घरातल्या कुणी मोठ्याने जेवताना ऐकवला असेल, तर त्यांना विचारा की २००४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघातून कोण निवडून आलं होतं. माझ्या मामांना ते पटकन सांगता आलं नव्हतं.