नीडल होल्डर हाताला सोयीचा आहे हे कशावरून ओळखायचं?

डॉक्टर, तुम्ही विचारलंय की मोठ्या केसनंतर अंगठा आणि मनगट दुखतं, तर कुठल्या मुठीचा नीडल होल्डर, म्हणजे टाके घालताना सुई धरायचं हत्यार, घ्यावा. मी ऑपरेशन थिएटरची (ओटी) सिस्टर आहे. माझं स्पष्ट मत: मूठ नंतर बघा, आधी होल्डरचा सांधा बघा. सांधा जड झाला की दर टाक्याला लॉक लावताना आणि सोडताना अंगठ्याला जास्तीचा जोर लावावा लागतो. हात दुखतो तो बहुतेकदा त्यानेच.

आमच्याकडे एक सीनियर सर्जन होते. पोट बंद करताना होल्डर अडकला की तो ट्रॉलीवर आपटायचे. शेवटी इन्चार्जांनी बोटं घालायची कडी सोनेरी असलेला जर्मन सेट मागवला. सोनेरी कडी म्हणजे जबड्याला टंगस्टन कार्बाइडच्या कठीण पट्ट्या. सुई कमी दाबातही घट्ट राहते, त्यामुळे माल चांगलाच. पण केस संपली की तोही जायचा त्याच बादलीत, हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात), लॉक बंद करून, रात्रभर. हायपोतलं क्लोरीन स्टील खातं, सलाईनसुद्धा खातं. बंद सांध्यात रक्त सुकतं आणि धुताना राहिलं तर ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, 134 अंशांत पक्कं बसतं. पावसाळा सरेपर्यंत नव्या सेटचे सांधे तपकिरी झाले आणि आपटणं पुन्हा सुरू.

मी सेट यायच्या आधीच रक्त सोडवणारं एन्झायमॅटिक द्रावण आणि मऊ ब्रश मागितला होता. "धुण्याच्या पाण्यावर कसला खर्च, सिस्टर?" हे उत्तर मिळालं. मग एक ट्रे मी स्वतःकडे घेतला. लॉक उघडून लगेच धुवायचा, सांध्यात ब्रश फिरवायचा, कोरडा करायचा, इन्स्ट्रुमेंट मिल्क (हत्यारांचं दुधासारखं वंगण) लावायचं. मशीनचं तेल कधीच नाही, त्याखाली वाफ पोचत नाही. पुढे ज्युनियर डॉक्टर नाव घेऊन तोच ट्रे मागू लागले.

दुकानात ग्लोव्ह घालून बघा. साडेसहा नंबरच्या हाताला आणि आठ नंबरच्या हाताला एकच कडी बसत नाही. अंगठ्याचं फक्त पहिलं पेर आत जावं. सुई धरून लॉकच्या दुसऱ्या दातावर अडकवा. ती हाताने फिरली तर होल्डर परत द्या. पहिल्या दातावर लावून तळहातावर आपटा. उघडला तरी परत. डावखुरे असाल तर डाव्या हाताचाच मागा, उजव्याचं लॉक उलटं सोडावं लागतं.

हे सगळं उघड्या सर्जरीचं झालं, दुर्बिणीच्या हत्यारांचं गणित निराळं. टेबल कोपराच्या उंचीला आहे ना तेही बघा. आणि अंगठ्याला मुंग्या येत असतील तर कडी नस दाबत असेल. खरेदी थांबवा, आधी हात दाखवून घ्या.

घेतलात तर तो बादलीत जाऊ देऊ नका, तुमच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवा. इन्चार्ज आडवे आले तर मागच्या सेटचं बिल आणि एन्झायमॅटिकच्या कॅनचं बिल शेजारी शेजारी ठेवा त्यांच्यापुढे. हायपो फरशीवर सांडलेल्या रक्तासाठी आहे, तुमच्या होल्डरसाठी नाही.